अकरा पानांची मी

माझ्यावर एक अहवाल लिहिलेला आहे. अकरा पानं, स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर. कॉलेजात आपण प्रोजेक्ट सबमिट करायचो अगदी तसा. पहिल्या पानावर माझा फोटो, मॅट्रिमोनी साइटवरून उचललेला. खाली नाव, जन्मतारीख, उंची, मूळ गाव मिरज, हल्ली मुक्काम ऐरोली. शेवटच्या पानावर निष्कर्ष: 'स्थळ एकंदरीत योग्य वाटते. मुलगी स्वतंत्र विचारांची आहे.' यातलं दुसरं वाक्य शिफारस आहे की इशारा, हे मला अजून कळलेलं नाही.

गोष्ट 2022ची. बघण्याचा कार्यक्रम होऊन गेला होता, दोन्हीकडून होकार होता, साखरपुड्याची तारीख काढायची बाकी होती. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी ठाण्यातल्या एका डिटेक्टिव्ह एजन्सीला माझी चौकशी करायला सांगितलं. यात जगावेगळं काहीच नाही. माझ्या आजीच्या लग्नाआधी तिचे काका बाजाराच्या दिवशी आजोबांच्या गावी गेले, किराणा दुकानात अर्धा तास बसले आणि सगळं कळून परत आले. शेती किती, कर्ज किती, मुलगा पितो का. ऐरोलीत असं किराणा दुकान नाही. मी ज्या बिल्डिंगमध्ये पीजी म्हणून राहायचे, तिथे वरच्या मजल्यावर कोण राहतं ते मला माहीत नव्हतं आणि त्यांना मी माहीत नव्हते. मग काकांचं काम करायला पैसे देऊन माणूस आणावा लागतो. हा धंदा शहरांत फोफावला तो मुख्यतः याच कारणामुळे, असं माझं मत.

तशी कुणकुण लागली होती. इस्त्रीवाले भैया एकदा म्हणाले, "दीदी, लोन वगैरा लिया है क्या? एक आदमी पूछ रहा था." मेसच्या काकूंकडेही कुणीतरी कुरिअरवाला म्हणून येऊन गेला होता. काकू म्हणाल्या, "अगं, कुरिअरवाला कधी विचारतो का, मुलगी कशी आहे म्हणून?" मला वाटलं, क्रेडिट कार्डवाले असतील.

अहवाल मला दाखवला तो त्या मुलानंच. एका रविवारी तलावपाळीला बसलो असताना त्यानं बॅगेतून काढून हातात दिला. "बाबांनी परस्पर केलं होतं. तुझ्यापासून लपवायचं नाही म्हणून आणलंय," असं म्हणाला. त्या क्षणी मला ते आवडलंही. मी तिथेच वाचायला घेतला.

पहिली काही पानं घरची. वडिलांच्या नावचा सातबारा, विकास सोसायटीचं कर्ज, भाऊ काय करतो. सगळं बरोबर होतं. मग नोकरी. मग दोन पानं भरून तक्ता: नऊ दिवस मी खोलीतून कधी निघाले, कधी परतले. 'रात्री 3.40 वा. पांढऱ्या रंगाच्या चारचाकीतून उतरली. कंपनीची गाडी असावी.' असावी! गाडीच्या काचेवर कंपनीचं स्टिकर होतं. पुढे एक फोटो, मी आणि टीममधला एक मुलगा टपरीवर चहा पितोय. खाली लिहिलंय, 'अनोळखी पुरुषासमवेत'. तीन वर्षं तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत होता. आधीची खोली मी 'घरमालकाशी वाद झाल्याने' सोडली असंही त्यात आहे. खरं तर पावसाळ्यात तिथलं छत गळायला लागलं आणि मालकीणबाईंनीच मला दुसरी जागा शोधून दिली होती. एवढं वाचेपर्यंत मी हसत होते.

नवव्या पानावर ही ओळ होती: 'सलग दोन शनिवारी दुपारी 4 ते 5 या वेळेत ठाणे येथील एका मानसोपचारतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये गेली. कारण समजू शकले नाही.'

हे माझ्या आईलाही माहीत नव्हतं. का जात होते ते मी इथेही लिहीत नाही. त्याला मात्र सांगणार होते, साखरपुड्याच्या आधी. आणि कसं सांगायचं ते त्याच क्लिनिकमध्ये बसून ठरवत होते.

अहवालावर तारीख होती, तीन आठवड्यांपूर्वीची. मी विचारलं, "तू कधी वाचलास?" तो म्हणाला, "आला तेव्हाच." म्हणजे मधल्या तिन्ही शनिवारी 'आज काय प्लॅन' असं त्यानं विचारलं होतं, मी 'जरा बाहेर काम आहे' असं लिहिलं होतं आणि त्यानं अंगठा पाठवला होता, तेव्हा त्याला ते काम काय हे ठाऊक होतं. "मग या पानाबद्दल तुला काहीच विचारायचं नाही?" त्यावर तो म्हणाला, "नाही गं. बाबांनी त्याबद्दल पुढे चौकशी केली. विशेष काही नाही म्हणाले."

पुढे चौकशी केली म्हणजे कुठे केली, कुणाकडे केली, हे मी विचारलं नाही. दोन दिवसांनी नकार कळवला. घरी सांगितलं की नोकरीच्या जागेवरून जमत नाहीये. चौकशी केली म्हणून मी नाही म्हटलं नव्हतं. माझ्या वडिलांनीही त्याच्या ऑफिसात ओळखीच्या माणसाकडून माहिती काढलीच होती. त्याला माहीत असताना तो माझी उत्तरं बघत राहिला, हे मला पचलं नाही.

मग मी त्या एजन्सीत गेले. लेटरहेडवर पत्ता होताच. नौपाड्यात, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर पहिला मजला, दोन टेबलं, एक कपाट. पन्नाशीचे गृहस्थ. पूर्वी कुठल्याशा फायनान्स कंपनीत वसुलीला होते. त्यांचं नाव लिहीत नाही, सर म्हणते. मी भांडायला गेले होते. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "मॅडम, पार्टी कोण, काम काय, मी काहीच बोलू शकत नाही." मी अहवाल टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून बघितला आणि म्हणाले, "प्लॅस्टिक आमचंच आहे."

त्यांच्या मागे भिंतीवर फ्रेम होती आणि खाली टेबलावर कार्डांचा गठ्ठा. कार्डावर 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड'. मी विचारलं, तुमचं लायसन्स कुठलं? कोणत्या खात्याकडे तुमची तक्रार करायची? सर हसले. फ्रेममध्ये होता तो गुमास्ता, म्हणजे शॉप ॲक्टची नोंदणी. शिवाय जीएसटी नंबर. म्हणजे ज्या अर्थानं खालचं झेरॉक्सचं दुकान गव्हर्नमेंट रजिस्टर्ड होतं, त्याच अर्थानं वरची डिटेक्टिव्ह एजन्सी.

हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं आणि बहुतेकांना नसतं. भारतात खासगी गुप्तहेराचं लायसन्स अशी गोष्टच नाही. सोसायटीच्या गेटवर बसणारे वॉचमन पुरवणाऱ्या कंपनीला लायसन्स लागतं, 2005च्या कायद्याप्रमाणे. त्या वॉचमनकडे जाऊन तुमच्याबद्दल प्रश्न विचारणाऱ्याला लागत नाही. 2007 साली डिटेक्टिव्ह एजन्सींना परवाना लावणारं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं होतं. ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं आणि शेवटी मागे घेतलं गेलं. त्यामुळे उद्या तुम्ही कार्ड छापलं तर तुम्हीही डिटेक्टिव्ह. हे केवळ आपल्याकडेच आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये 2001च्या कायद्यात अशा परवान्याची तरतूद झाली, पण खासगी डिटेक्टिव्हना तो प्रत्यक्षात कधी लावला गेला नाही. शेरलॉक होम्सच्या देशात!

लायसन्स नाही याचा दुसरा अर्थ असा की अधिकारही नाही. तुमच्या-माझ्याकडे नाही असा एकही अधिकार सरांकडे नाही. ते कुणाला अडवू शकत नाहीत, झडती घेऊ शकत नाहीत, बँकेचं स्टेटमेंट मागवू शकत नाहीत. पोलीस किंवा सरकारी माणूस असल्याची बतावणी केली तर तो गुन्हा. दुसऱ्याच्या फोनमध्ये किंवा ईमेलमध्ये परवानगीशिवाय शिरलं तर 2000च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा. बाई इंटरनेटवर काय करते, कुणाला मेल पाठवते यावर पाळत ठेवणं हे नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये, पाठलागाच्या व्याख्येतच येतं. आणि कॉल रेकॉर्ड, म्हणजे सीडीआर. तो कायदेशीर मार्गानं फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना मिळतो. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना अटक केली, तेव्हा या धंद्यात केवढी घबराट पसरली होती ते सरांनी रंगवून सांगितलं. "तेव्हापासून कोणी सीडीआर मागितला की मी त्याला चहा पाजून खाली सोडून येतो."

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं. तो निकाल मला पाठ होता, स्पर्धा परीक्षा देत होते तेव्हापासून. पण इस्त्रीवाल्याला "ती मुलगी कशी आहे हो?" असं विचारणाऱ्या माणसाला हात धरून थांबवेल असा कायदा त्यातून आपोआप तयार होत नाही. सरांचा बहुतेक धंदा याच मोकळ्या जागेत चालतो. आपण रस्त्यावर दिसतो आणि लोक बोलतात, एवढंच त्यांचं भांडवल.

मी तास-दीड तास बसले. राग होताच, पण माणूस बोलघेवडा निघाला. लग्नाआधीची चौकशी हे त्यांचं निम्म्याहून जास्त काम, आणि ते दिवाळीनंतर वाढतं. बाकी मग बरंच काही. नोकरीला घेण्याआधी उमेदवाराची आधीची कंपनी खरी होती का ते बघणं. विम्याचा दावा करणारा 'अंथरुणाला खिळलेला' माणूस स्कूटर चालवतोय का ते बघणं. ब्रँडच्या नावानं नकली माल कुठे शिवला जातो ते शोधून कंपनीच्या वकिलाला सांगणं, म्हणजे पुढे पोलिसांना घेऊन छापा घालता येतो. कोर्टाची नोटीस ज्याला बजवायची तो पत्ता बदलून गायब झालाय, त्याचा पत्ता काढणं. आणि नवरा-बायकोची भांडणं. त्यात त्यांच्या म्हणण्यानुसार 'दुसरं कोणी आहे का' यापेक्षा हल्ली 'खरं उत्पन्न किती' हा प्रश्न जास्त येतो, कारण पोटगीच्या अर्जात नवरा अचानक बेरोजगार झालेला असतो आणि संध्याकाळी तोच स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला दिसतो.

व्यभिचार हा 27 सप्टेंबर 2018 पासून गुन्हा राहिलेला नाही, पण घटस्फोटाचं कारण म्हणून तो कायद्यात आहे. त्यामुळे फोटो काढणाऱ्याचं काम संपलेलं नाही. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या बाबतीत बरीच मोकळीक आहे, आणि जुलै 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं जोडीदाराचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून मांडता येईल असा निकाल दिला. मला तो वाचून बरं वाटलं नाही. पण ज्या बाईचं म्हणणं बंद दाराआड घडलेलं असतं तिच्याकडे दुसरं काय असणार, हेही डोक्यातून जात नाही.

शेवटी मी नवव्या पानावर आले. "हे लिहायलाच हवं होतं का?" सरांनी पान वाचलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "माणूस तुमच्या मागे होता. तुम्ही आत गेलात. बोर्डावर जे होतं ते त्यानं लिहिलं." मग थोडं थांबून म्हणाले, "ताई, पार्टी येते आणि म्हणते, मुलीचं सगळं काढा. सगळं म्हणजे काय, ते पार्टी कधी सांगत नाही. मग आम्ही पानं भरतो. पानं कमी दिसली तर म्हणतात, पैसे कशाचे घेतले?"

मला माफी हवी होती, ती मिळाली नाही. पण माझ्यावर काय झालं होतं ते मला यातून नीट कळलं. माझ्याबद्दल कुणालाही कुठलाच ठरावीक प्रश्न पडला नव्हता. पगार खरा आहे का, आधी लग्न झालंय का, कर्ज आहे का, असं काहीही त्या माणसाला हवं असतं तर त्याची उत्तरं दोन पानांत संपली असती. प्रश्न नव्हता म्हणून नऊ दिवस माझ्या मागे माणूस फिरला, आणि मग जे जे दिसलं ते कागदावर उतरलं. टपरीवरचा चहा, ड्रॉप कॅब, शनिवार. सगळ्याला सारखाच फॉन्ट.

आपल्या डोक्यात गुप्तहेर म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, नाहीतर आपला फास्टर फेणे. त्यांच्या गोष्टीत आधी काहीतरी घडलेलं असतं. हिरा चोरीला गेलेला असतो, माणूस पळवलेला असतो. गुप्तहेर नंतर येतो. माझ्या गोष्टीत काही घडलेलंच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, इतकं सगळं असताना ही बाई पुन्हा त्याच माणसाकडे कशी गेली? गेले. 2024 मध्ये, स्वतःहून.

माझ्या मामेबहिणीला स्थळ आलं होतं. मुलगा कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला, सॉफ्टवेअरमध्ये. घर सांगलीचं, माहितीतलं. डिसेंबरात त्याला अठरा दिवसांची रजा, त्यातच साखरपुडा, हळद, लग्न, सगळं उरकायचं. मुलगी सुखावलेली, मामी तर हवेत. एक गोष्ट मात्र बहिणीला टोचत होती. व्हिडिओ कॉलवर ती जेव्हा जेव्हा त्याच्या आधीच्या तीन-चार वर्षांबद्दल बोलायला जायची, तेव्हा तो विषय बदलायचा. सोशल मीडियावर त्याचे फोटो एका तारखेच्या पुढेच सुरू व्हायचे, जणू त्याआधी तो नव्हताच. तिनं मला विचारलं, "तायडे, मी उगाच संशय घेतेय का?"

आम्ही दोघींनी आधी फोनवरून जमेल ते केलं. आणि हे तुम्हीही करू शकता, त्याला डिटेक्टिव्ह लागत नाही. ई-कोर्ट्सच्या ॲपवर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावानं खटले शोधता येतात. एखादा म्हणतो माझी कंपनी आहे, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर ती कंपनी आणि तिचे संचालक दिसतात. जमिनीसाठी महाभूलेखवर सातबारा, फ्लॅटसाठी नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू, बिल्डरच्या प्रकल्पासाठी महारेरा. डॉक्टर म्हणवणाऱ्याचं नाव मेडिकल कौन्सिलच्या यादीत असायला हवं. आणि हरवलेलं माणूस, धमकी, ब्लॅकमेल, मारहाण असा प्रकार असेल तर खासगी माणसाकडे जाण्यात वेळ घालवूच नका. मोबाइलचं लोकेशन पोलिसांना काढता येतं, त्याला नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930.

आमच्या कामाचं यातलं काहीच नव्हतं, कारण प्रश्न सातासमुद्रापलीकडचा होता. म्हणून नौपाडा. सरांनी मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. काम ऐकून म्हणाले, "अमेरिकेतलं मी करणार नाही. तिथे लायसन्सवाला लागतो. माझ्या ओळखीत एक आहेत, त्यांना विचारतो." आणि मग वहीवर पेन ठेवून थांबले. मी म्हटलं, "सगळं काढायचं नाही. एकच प्रश्न आहे. या माणसाचं आधी लग्न झालंय का, आणि झालं असेल तर ते संपलंय का." सरांनी एक ओळ लिहिली. माझ्याकडे बघितलं. बास.

कॅलिफोर्नियाच्या त्या इन्व्हेस्टिगेटरचा लायसन्स नंबर त्याच्या पहिल्या मेलच्या खालीच होता. मी तो राज्याच्या साइटवर टाकून बघितला, फोनवरूनच. नाव, मुदत कधी संपते, कारवाई झालीय का, सगळं समोर आलं. हे लायसन्स मिळवायला तिथे साधारण तीन वर्षांचा, म्हणजे 6,000 तासांचा पगारी तपासाचा अनुभव दाखवावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि मग परीक्षा. कायद्याची किंवा पोलीसशास्त्राची पदवी असेल तर तास कमी होतात. मेलच्या दुसऱ्या परिच्छेदात त्यानं आपण काय करणार नाही ते लिहून टाकलं होतं. बँक खातं बघणार नाही. फोनचे रेकॉर्ड काढणार नाही. गाडीला ट्रॅकर लावणार नाही. कुणाचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करणार नाही. तिकडे या प्रत्येकाविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. फोन रेकॉर्डचा तर 2006 मध्ये मोठा तमाशा झाला होता. एचपी कंपनीतून बातम्या फुटतात म्हणून नेमलेल्या तपासनिसांनी खोट्या नावानं फोन करून संचालकांचे आणि पत्रकारांचे कॉल रेकॉर्ड मिळवले होते. त्यानंतर काही महिन्यांतच तिथल्या केंद्र सरकारनं तो सरळ गुन्हा ठरवला.

पाच दिवसांनी उत्तर आलं. एक पान. त्या कौंटीच्या कोर्टात या नावाच्या आणि जन्मतारखेच्या माणसाचा विवाह-विच्छेदाचा अर्ज त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दाखल झालेला आहे. अंतिम आदेश नोंदीत दिसत नाही. कॅलिफोर्नियात समोरच्याला कागद बजावल्यापासून किमान सहा महिने झाल्याशिवाय विवाह संपुष्टात येत नाही. शेवटी एक वाक्य: दुसऱ्या पक्षाचं नाव सार्वजनिक नोंदीत आहे, पण तुमच्या प्रश्नासाठी ते लागत नाही म्हणून इथे दिलेलं नाही.

हे शेवटचं वाक्य मी चार-पाच वेळा वाचलं.

हिशेब साधा होता. ऑगस्ट ते डिसेंबर, सहा महिने होत नाहीत. म्हणजे डिसेंबरात सांगलीच्या कार्यालयात अक्षता पडल्या असत्या तेव्हा मुलगा कायद्यानं विवाहित असता. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे असं लग्न मुळातच रद्दबातल. आणि बहीण नवी नोकरी सोडून, व्हिसाच्या रांगेत, एका न झालेल्या लग्नाची बायको म्हणून उभी राहिली असती.

मामीला हे सांगणं मात्र सगळ्यात अवघड होतं. मामी आधी माझ्यावरच उखडली. "कुणी सांगितलं होतं गं तुला एवढं खणायला? घटस्फोट होतच होता ना त्याचा? आज ना उद्या झालाच असता." मामा काहीच बोलला नाही, उठून अंगणात गेला. बहिणीनं ते पान घेतलं, आत जाऊन दार लावलं आणि त्याला स्वतः फोन केला. तो म्हणाला, सांगणारच होतो, फक्त पेपरवर्क बाकी आहे. तिनं विचारलं, पेपरवर्क झाल्यावर सांगणार होतास की लग्न झाल्यावर? त्यावर तो कायकाय बोलला ते तिनं आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. कार्यालयाचा ॲडव्हान्स गेला. मामा पुढचे तीन-चार महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. तुमचा प्रश्न एका ओळीत मावतो का ते बघा, आणि त्याचं उत्तर कुठल्यातरी कागदावर किंवा दरवाजावर असणार आहे का. पदवी, नोकरी, आधीचं लग्न, पत्ता, खटला, दुकान कुणाचं. असेल तर पैसे द्यायला हरकत नाही. 'स्वभाव कसा आहे', 'चारित्र्य कसं आहे' हे विचारायला गेलात तर तुम्हाला वॉचमनचा स्वभाव कळेल. काम देण्याआधी करार लिहून घ्या. प्रश्न काय, किती दिवस, काय करणार नाही, फोटो आणि कागद कुणाकडे राहणार, कधी नष्ट करणार. बिल जीएसटीसह घ्या. आणि सुरुवातीलाच निरागस चेहऱ्यानं विचारा, "कॉल रेकॉर्ड मिळेल का हो?" मिळेल म्हणाला तर उठा. तो जसा दुसऱ्याचा तुम्हाला विकेल तसा उद्या तुमचा दुसऱ्याला विकेल.

माझा जुना अहवाल सरांच्या कपाटात आहे का, हे मी त्या दुसऱ्या फेरीत विचारलं होतं. त्यांनी फाइल काढली, नववं पान माझ्यासमोर फाडलं आणि बाकीची परत ठेवली. म्हणाले, बाकीचं पार्टीचं आहे. म्हटलं, पार्टीकडच्या प्रतीत नववं पान आहेच. त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

मामी आता माझ्याशी पूर्वीसारखी बोलते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. शेजारच्या वैनींच्या मुलाला मुलगी सांगून आलीय, पुण्यात एकटी राहते, नोकरी चांगली आहे. "तुझ्या त्या ठाण्याच्या माणसाचा नंबर पाठव की." मी विचारलं, "वैनींना नेमकं काय हवंय?"

"अगं काय म्हणजे? सगळंच."

नंबर मी अजून पाठवलेला नाही.